डबलबारी, दोन सिम आणि मेमरी कार्डाची जागा

पत्र:

"नमस्कार. मी कणकवली तालुक्यातला भजनी बुवा, वय बासष्ट. माझा फोन ६४ जीबीचा, पाच वर्षांपूर्वी घेतलेला. त्यात ३२ जीबीचं मेमरी कार्ड आहे. त्या कार्डावर कित्येक वर्षांची भजनं, डबलबाऱ्या (दोन बुवांमधले भजनाचे सामने) आणि माझ्या गुरूंच्या आवाजातल्या काही चाली आहेत. आता रोज 'स्टोरेज फुल' असं येतं, व्हॉट्सॲप उघडायला वेळ लागतो. बारीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग लावलं की अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं. मागच्या वेळी भजनाचा गजर रंगात आला आणि नेमकं तेव्हाच रेकॉर्डिंग थांबलं. नवीन फोन घ्यायचा आहे, पंधरा हजारांपर्यंत. दुकानदार म्हणतो, ६४ जीबीचाच घ्या आणि १ टीबीचं (म्हणजे हजारेक जीबीचं) कार्ड टाका, जन्माचं काम होईल. ठाण्याचा पुतण्या म्हणतो, कार्डाचे दिवस गेले, २५६ जीबीचा घ्या नि सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत, ठेवा. मला दोन सिम लागतात. एकाची रेंज घरात येते, दुसऱ्याची फक्त हायवेच्या बाजूला. कोणाचं ऐकू? आणि जुन्या फोनचं काय करू?"

— एक बुवा, कणकवली तालुका

बुवा, नमस्कार.

आधी त्या अर्ध्या तासाचा उलगडा करू, कारण त्यासाठी तुम्ही फोनला उगाच दोष देत असणार. फोन बिघडलेला नाही. बाजारात ३२ जीबीपर्यंतची जी कार्डं येतात ती 'फॅट ३२' नावाच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात, आणि त्या पद्धतीत कुठलीही एक फाइल ४ जीबीच्या पलीकडे वाढू शकत नाही. तुमचा कॅमेरा बहुधा थेट कार्डावर रेकॉर्ड करतो. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी जागा घेतो. करा हिशोब: तीस-बत्तीस मिनिटांत ४ जीबी भरले. काही फोन अशा वेळी मुकाट्याने दुसरी फाइल सुरू करतात आणि आपल्याला कळतही नाही. तुमचा फोन सरळ थांबतो. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं 'एक्सफॅट' पद्धतीची असतात, तिथे ही अडचण नाही. म्हणजे तुमचा गजर अर्ध्यावर तोडला तो त्या जुन्या कार्डाने. आणखी पाच हजार टाकून भारी फोन घेतला असतात आणि त्यात हेच कार्ड सरकवलं असतंत, तरी बहुतेक पुन्हा तेच झालं असतं.

आता दुकानदार आणि पुतण्या. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि दोघांनीही तुमचं गाव आणि तुमचं काम लक्षात न घेता सल्ला दिला आहे.

दुकानदाराचं बघू. '१ टीबीपर्यंत सपोर्ट' असं डब्यावर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की तेवढं मोठं कार्ड टाकलं तर फोन ते ओळखेल. फोन १ टीबीचा होतो असं नाही. तुमच्या रोजच्या तक्रारीचं मूळ, म्हणजे 'स्टोरेज फुल', ते कार्डाने सुटणारच नाही. व्हॉट्सॲप आपले फोटो, व्हिडिओ आणि आवाजाचे निरोप फोनच्या आतल्या जागेतच ठेवतं. ते कार्डावर ठेव असं सांगायची सोय त्यात नाही. बँकेचं ॲप, यूपीआय, बाकीची ॲप्स, त्यांचे अपडेट, सगळं आतच. शिवाय ६४ जीबीच्या फोनमध्ये अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरलेली ॲप्स मिळून पंधरा-वीस जीबी पहिल्याच दिवशी गेलेले असतात. उरलेल्या जागेत भजनी मंडळाचे, वाडीचे, नातेवाइकांचे ग्रुप. रोज सकाळी येणारी फुलांची आणि देवांची चित्रं तुम्ही पुसत नसालच. मग वर्षभरात पुन्हा हीच गत. म्हणून ६४ जीबीचा फोन घेऊ नका, कार्ड कितीही मोठं टाकणार असलात तरी. आतली जागा १२८ जीबी हवीच.

मग कार्ड कशासाठी? माळ्यासारखं. रोज हाताशी लागणाऱ्या वस्तू आपण माळ्यावर टाकत नाही; वर्षातून दोनदा लागणाऱ्या, पण टाकून देता न येणाऱ्या गोष्टी तिथे जातात. बारीचे व्हिडिओ, गुरूंच्या चाली, लग्नाचे आणि बारशाचे फोटो. तुमच्याकडे असा ऐवज भरपूर आहे, म्हणून तुमच्यासाठी कार्डाची सोय असलेला फोन हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरातल्या दहातल्या आठ जणांना मी हे सांगणार नाही.

पुतण्याचं 'कार्डाचे दिवस गेले' हे म्हणणं महागड्या फोनबाबत खरं आहे. आयफोनला कार्डाची खाच कधी नव्हतीच, गूगलच्या पिक्सेललाही नाही. सॅमसंगने २०१५ मध्ये गॅलेक्सी एस६ ला ती काढून टाकली, ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी एस७ ला परत दिली, आणि २०२१ च्या एस२१ पासून एस मालिकेतून कायमची काढली. आता मधल्या किमतीतही तेच चाललंय: गॅलेक्सी ए५५ ला कार्ड चालत होतं, २०२५ च्या ए५६ ला चालत नाही. कंपन्या म्हणतात आतली मेमरी वेगवान असते, आणि ते खोटं नाही. फोनमध्ये सर्रास चालणाऱ्या कार्डांचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास अडतो आणि बऱ्या फोनच्या आतल्या मेमरीचा त्याच्या दहापट असू शकतो. पण जास्त जीबीचा फोन जास्त किमतीला विकता येतो, हेही तितकंच खरं, आणि ते कारण डब्यावर छापत नाहीत. गंमत म्हणजे ज्या किमतीत तुम्ही फोन बघताय तिथे ही सोय अजून टिकून आहे. पंधरा हजारांचं बजेट इथे तुमच्या पथ्यावर पडतंय.

क्लाउडचं मात्र पुतण्याने ठाण्यात बसून सांगितलंय. तीन तासांची बारी फुल एचडीमध्ये उतरवली तर ती तेवीस-साडेतेवीस जीबी होते. गूगल फुकट देतं १५ जीबी, आणि त्यातच जीमेल, फोटो आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा मोजला जातो. फोटो हवे तितके फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ ला बंद झाली. समजा पैसे भरून जागा घेतली, तरी ते तेवीस जीबी वर चढवायचे कसे? तुमचा पॅक रोजच्या दीड जीबीचा असेल तर एका बारीला पंधरा दिवसांचा डेटा गेला, तोही रेंज नीट मिळाली तर. आणि दुसऱ्या सिमची तर तुम्हाला हायवेवर जाऊन गाठावी लागते. वायफाय असलेल्या घरात क्लाउड उत्तम आहे. तुमच्या घरी नाही. पुतण्याची दुसरी गोष्ट मात्र धरून ठेवा: बजेटमध्ये बसत असेल तर २५६ जीबीचा फोन घेण्यात काही वावगं नाही, फक्त त्यालाही कार्डाची जागा असू दे.

आता ज्याच्यावर सगळं अडतं ते: दोन सिम.

फोनच्या कडेला ती बारीक पिन टोचली की बाहेर येणारा ट्रे बघितला असेल तुम्ही. बहुतेक फोनमध्ये त्या ट्रेमध्ये दोनच खाचा असतात. एकात सिम, आणि दुसऱ्यात सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच. याला दुकानात 'हायब्रिड' म्हणतात. जाहिरातीत 'ड्युअल सिम' ठळक लिहिलेलं असतं, 'मेमरी कार्ड सपोर्ट'ही ठळक असतं; दोन्ही एकाच वेळी मिळत नाही हे कुठेतरी बारीक अक्षरांत. तुम्ही असा फोन घरी आणलात तर पहिल्याच रात्री प्रश्न उभा: घरातली रेंज सोडू की भजनं? गॅलेक्सी ए१६ ५जी हा या प्रकारातला फोन आहे. फोन म्हणून चांगला, पण तुमच्या उपयोगाचा नाही.

तुम्हाला हव्या आहेत तीन खाचा. दोन सिमच्या आणि तिसरी कार्डाची, वेगळी. शाओमीचा रेडमी १३सी असा होता, आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये अजून असं मिळतं. मी मुद्दामच तुम्हाला एक नाव देऊन 'हाच घ्या' म्हणत नाही, कारण दर सहा महिन्यांनी मॉडेल बदलतं आणि नाव तेच ठेवून नव्या फोनमधून खाच गायब झालेली असते. त्यापेक्षा तपासायचं कसं ते शिकून घ्या. पुतण्याला सांगा की जीएसएमअरिना या साइटवर फोनचं नाव टाकून 'कार्ड स्लॉट' ही ओळ वाच. तिथे 'डेडिकेटेड' लिहिलं असेल तर तिसरी खाच आहे. 'शेअर्ड सिम स्लॉट' असेल तर हायब्रिड. आणि दुकानात पैसे देण्याआधी दुकानदाराला ट्रे बाहेर काढायला लावा. तो म्हणेल, "काका, आहे हो, कशाला काढताय." काढायला लावाच. डोळ्यांनी तीन खाचा मोजा, मग पाकीट काढा.

ईसिम हा तिसरा मार्ग आहे: एक सिम फोनच्या आतच, ट्रेमध्ये एक साधं सिम आणि एक कार्ड. कागदावर छान दिसतं. पण पंधरा हजारांत ईसिमचे फोन कमी, आणि फोन पडला-बिघडला तर साधं सिम काढून शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालता येतं तसं ईसिमचं होत नाही. कंपनीकडून पुन्हा चालू करून घ्यावं लागतं. घरात एकाच सिमची रेंज असलेल्या माणसाने त्या फंदात पडू नये.

तीन खाचांचा मनासारखा फोन मिळालाच नाही, तर हायब्रिड घ्या, दोन्ही सिम टाका आणि कार्डासाठी टाइप-सीचा छोटा कार्ड रीडर घ्या. दोन-तीनशे रुपयांचं काम. चार्जिंगच्या जागी लावला की कार्ड उघडतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये आधी सेटिंगमध्ये जाऊन 'ओटीजी' सुरू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं, त्यामुळे रीडर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. जमतं यानेही, पण एसटीत बसून गुरूंची चाल ऐकायची तर फोनला ते शेपूट लावून बसावं लागतं.

दुकानात आणखी एक गोष्ट कानावर पडेल: "रॅम आठ अधिक आठ, सोळा जीबी." रॅम म्हणजे ॲप चालताना लागणारी तात्पुरती मेमरी. ती वरची आठ जीबी खरी रॅम नसते. फोन आपल्याच आतल्या साठवणुकीतून तेवढी जागा अडवून तिला रॅमसारखी वापरतो. म्हणजे तुमचीच जागा तुम्हालाच बक्षीस. खरी रॅम किती ते विचारा. सहा जीबी असेल तर तुम्हाला भरपूर, चार असेल तर काही वर्षांत कुरकुर सुरू होईल.

आता कार्ड कोणतं. १२८ जीबीचं घ्या, १ टीबीच्या नादी लागू नका. फोनमध्ये टाकलंत की कदाचित ११९ जीबीच दिसेल; कार्ड बनवणारे हजाराच्या हिशोबाने मोजतात आणि काही फोन १०२४ च्या हिशोबाने, फसवणूक झालेली नाही. कार्डावर बारीक खुणांची जत्रा असते. तुमच्या कामाची एकच: इंग्रजी 'यू' अक्षराच्या पोटात १ किंवा ३ असा आकडा. १ असेल तर सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी, ३ असेल तर ३० ची. फुल एचडी व्हिडिओला सेकंदाला दोन-सव्वादोन एमबी लागतात, फोर-के ला सहाच्या आसपास. म्हणजे १ वालंही पुरतं. ३ वालं थोड्या फरकाने मिळत असेल तर घ्या, मोठ्या फाइल्स कॉपी करताना वेळ वाचतो. 'ए१', 'ए२' या खुणा कार्डावरून ॲप चालवणाऱ्यांसाठी असतात. तुम्ही कार्डावर ॲप ठेवणार नाही, तेव्हा ए२ चे जादा पैसे मोजू नका.

आणि बनावट कार्डं. आठवडा बाजारात, जत्रेत, कधी कधी ऑनलाइनही '१ टीबी फक्त ४९९' असं मिळतं. हे कार्ड खोटं बोलतं. आत जागा असते १६ किंवा ३२ जीबी, पण त्याच्या चिपला 'विचारलं तर १ टीबी सांग' असं शिकवून ठेवलेलं असतं. फोन विश्वास ठेवतो. पहिले काही जीबी सगळं सुरळीत. खरी जागा संपली की नवीन फाइल एक तर जुन्यावरच लिहिली जाते किंवा कुठेच लिहिली जात नाही. यादीत नाव दिसतं, आकार दिसतो, तारीख दिसते, आणि वाजवायला गेलं की काही नाही. कळतं तेव्हा सहा महिने झालेले असतात. म्हणून नामवंत कंपनीचं, बिलासकट, ओळखीच्या दुकानातून घ्या, आणि घेतल्यावर लगेच पुतण्याच्या लॅपटॉपवर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाच्या फुकट प्रोग्रामने तपासून घ्या. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं सगळं परत वाचून बघतो. काही तास लागतात. रात्री लावून झोपायचं. हे आधी करा, त्याच्यावर काही ठेवण्याआधी.

नवीन फोनमध्ये कार्ड पहिल्यांदा घातलं की फोन एखादवेळी विचारेल: हे फोनची स्टोरेज म्हणून वापरू की पोर्टेबल? इथे घाईत बोट पडू देऊ नका. 'पोर्टेबल' निवडा. दुसरा पर्याय २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ पासून आला. तो कार्ड पुसून टाकतो आणि त्याला अशी कुलपं घालतो की ते फक्त त्याच फोनमध्ये उघडतं. उद्या फोन पाण्यात पडला तर कार्ड धडधाकट असूनही त्यावरचं काहीच हाती लागणार नाही. बऱ्याच कंपन्यांनी हा पर्याय दिलेलाच नाही, ते बरंच झालं. आणि जुनं ३२ जीबीचं कार्ड घातल्यावर 'फॉरमॅट करा' असं कुठेही आलं, तर करू नका. फॉरमॅट म्हणजे पुसणं. कार्ड काढा आणि पुढचं वाचा.

तुमच्या पत्रात मला फोनपेक्षा त्या जुन्या कार्डाची काळजी जास्त वाटली. गुरूंच्या चाली फक्त तिथेच आहेत ना? मेमरी कार्ड पुन्हा पुन्हा लिहून झिजतं, आणि बिघडतं तेव्हा आधी सांगून बिघडत नाही. कधी फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही, हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. कधी एके दिवशी फोन 'कार्ड नाही' म्हणतो आणि संपलं. नुसतं डब्यात ठेवलं तरी वर्षानुवर्षं सुरक्षित राहतं असंही नाही. म्हणून नवीन फोन घ्यायच्या आधी, अगदी या आठवड्यात, कणकवलीत कोणाचा तरी लॅपटॉप गाठा आणि कार्ड रीडरने त्या कार्डावरचं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या. तिथून दोन जागी प्रती: एक तुमच्या नव्या कार्डावर, एक पुतण्याकडे हार्ड डिस्कवर. चाकरमानी गणपतीला येतील तेव्हा डिस्क घेऊन येऊ दे, वर्षभराचं नवीन त्यात भरून परत ठाण्याला जाऊ दे. दोन घरांत दोन प्रती असल्या म्हणजे एका घराला पाणी लागलं तरी दुसरी शिल्लक. आणि पुतण्याला क्लाउडची एवढी हौस असेल तर गुरूंच्या चाली तेवढ्या त्याने त्याच्या वायफायवरून चढवाव्यात. नुसत्या आवाजाच्या फाइल्स आहेत, त्या फुकटच्या जागेतही बसतील.

उतरवताना 'मूव्ह' करू नका, 'कॉपी' करा. कॉपी झाली की चार-पाच फाइल्स मधूनच लावून ऐका, मग पुढचं. पुढेही हीच सवय ठेवा. बारी रेकॉर्ड करताना फोनच्या आतल्या जागेतच करा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्टोरेज 'फोन' ठेवून. १२८ जीबीच्या फोनमध्ये एका रात्रीची बारी आरामात मावते. दुसऱ्या दिवशी कार्डावर कॉपी, वाजवून खात्री, मग फोनमधली पुसायची. थेट कार्डावर रेकॉर्ड करताना मध्येच कार्डाने मान टाकली तर ती बारी पुन्हा होत नाही. कार्ड फोनमधून काढायचं असेल तर आधी सेटिंगमध्ये 'अनमाउंट' किंवा 'इजेक्ट' करून मग ट्रे ओढा.

रियाझासाठी मात्र व्हिडिओ कशाला? चाल बसवताना पेटीवर बोटं कुठे पडतात ते बघायचं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर नुसता आवाज घ्या. आवाजाला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, तीन तासांची बारी दोनशे एमबीच्या आत, आणि १२८ जीबीच्या कार्डावर दोन हजार तासांच्या आसपास भजन मावतं. मंडळातल्या पोरांना चाल पाठवायची तर हीच फाइल व्हॉट्सॲपवर जाते, व्हिडिओचं धूड जात नाही.

व्हॉट्सॲपची साफसफाई दहा मिनिटांत होते आणि ती जुन्या फोनवरच आज करून बघा. सेटिंग्ज, मग 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज'. तिथे पाच एमबीहून मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. बघत बघत पुसा. त्याच पानावर मागे येऊन ऑटो-डाउनलोड बंद करा, म्हणजे तुम्ही बोट लावल्याशिवाय काही उतरणार नाही. 'स्टोरेज फुल' तेवढ्यानेच काही आठवडे गप्प बसेल आणि फोन घाईघाईत घ्यावा लागणार नाही.

कार्डावर एक गोष्ट ठेवू नका: आधारचे, पासबुकाचे, सातबाऱ्याचे फोटो. फोनला पासवर्ड असतो, कार्डाला साधारणपणे नसतो. फोन हरवला तर कार्ड काढून कोणीही रीडरमध्ये घालू शकतं. भजनं कोणी ऐकली तर ऐकू दे.

राहिला जुना फोन. तो विकून आता काही हाती लागणार नाही, ठेवा. त्यातून यूपीआय आणि बँकेची ॲप्स काढून टाका, सिम काढा, व्हॉट्सॲप नवीन फोनवर नीट आलंय याची खात्री झाली की त्यातूनही काढा, आणि त्याला बारीचा दुसरा रेकॉर्डर करा. सिम नसल्यामुळे मध्येच कोणाचा फोन येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही. नव्या फोनवर मात्र रेकॉर्ड करताना एरोप्लेन मोड लावायची आठवण ठेवा. जुन्याची बॅटरी दमली असेल तर पॉवर बँक लावून पेटीच्या बाजूला ठेवा आणि त्यावर फक्त आवाज घ्या. पाठ फुगलेली दिसली, कव्हर नीट बसेनासं झालं, तर मात्र लगेच बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेल्या बॅटरीचा फोन मंडपात नको.

आणि ते ३२ जीबीचं कार्ड, सगळ्या प्रती झाल्या आणि वाजवून बघितल्या की, तुमच्या ब्लूटूथ स्पीकरसाठी वापरा. बरेच स्वस्त स्पीकर ३२ जीबीच्या वरचं कार्ड वाचतच नाहीत, त्यांना 'फॅट ३२' ही जुनी पद्धतच लागते.